कोरियासाठी मी जेवलो

कोरियातल्या उपाशी मुलांना मदत करण्यासाठी अल्लीपुरात तरुणांची जी समिती निघाली, तिचा अध्यक्ष, चिटणीस आणि श्रोता मी एकटाच होतो.

सुरुवातीला असं नव्हतं. कोरियात लढाई चालली होती, तिथली पोरकी मुलं उघड्यावर पडली होती, आणि पहिल्या सभेला शाळेच्या ओट्यावर बरीच पोरं जमली होती. पण मी पडलो तत्त्वाचा माणूस! (वय एकोणीस. त्या वयात तत्त्वाशिवाय माणसाजवळ दुसरं असतं काय?) एकाने सभेत विडी पेटवली, त्याला काढला. दुसऱ्याने वर्गणीतून चहा पिऊ म्हटलं, त्याला तर रीतसर ठराव करून काढला. शेवटी उरला माझा जुना मित्र मध्या. तो म्हणाला, “पुरू, कोरियाचे पोट्टे आपल्याले वळखत नाईत. त्याईच्यापायी तू वळखीच्याईले काऊन हाकलून राह्यला?” हा प्रश्न मला शिस्तभंगाचा वाटला. मध्यालाही काढला. त्यानंतर समितीत एकदाही मतभेद झाला नाही!

मी असा का झालो, त्याचं कारण पत्रकं. बाबा कापसाच्या जिनात तोलाईचं काम करत. तिथे वर्ध्या-नागपूरकडून हरतऱ्हेची पत्रकं येऊन पडत. संपाची, सूतकताईची, दारूबंदीची, निवडणुकीची. बाबा ती चुलीत घालायला घरी आणत, आणि चुलीत जाण्याआधी मी ती वाचून काढत असे. पाटीवर ‘कमळ’ लिहिण्याआधी मी ‘जागे व्हा!’ लिहायला शिकलो. आई शेजारणींना सांगायची, “आमचं पोट्टं सकाळी उठता उठत नाई, अन् दिवसभर लोकायले जागे व्हा, जागे व्हा म्हणते.”

ती आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

घरात बाबा आणि मी. बाबा मुळातच कमी बोलणारे, आणि मी बोलायचो ते सगळं मानवजातीला उद्देशून. त्यामुळे एकमेकांशी बोलायचा प्रसंगच येत नसे. बाबा जिनातून आले की खिचडी टाकायचे. ती कधी करपायची, कधी जास्तच करपायची. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून जेवायचो, ताटं घासायचो आणि झोपायचो. आईचा पाट चुलीमागे उभा करून ठेवलेला होता. त्याच्यावर कुणी बसत नव्हतं आणि तो कुणी हलवतही नव्हतं.

शेजारणींनी आम्हाला टाकलं होतं असं नाही. त्यांना टाकलं मी! आई गेल्यावर समोरच्या मैनाकाकू आणि कोपऱ्यावरची यमुनाआजी रोज ताट झाकून पाठवत. मी एका पत्रकात वाचलं होतं की दयेचा घास माणसाला गुलाम करतो. म्हणून मी दारातच ताट परत केलं. आता आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आई त्यात गुळाचा खडा टाकायची. मी रीत मोडली नाही. मी ताटात स्वावलंबनावरचं एक पत्रक टाकलं. मैनाकाकूंना वाचता येत नव्हतं. पण मतलब कळला असावा, कारण दुसऱ्या आठवड्यापासून ताट आलं नाही.

तर अशा पार्श्वभूमीवर (हा माझा त्या काळचा आवडता शब्द) मी एकट्याने कोरियाची सभा घेतली. मारुतीच्या पारावर दुपारी. गडीमाणसं वावरात होती, म्हणून सगळ्या बायाच आल्या. कुणी तुरी निवडत, कुणी लेकरू मांडीवर घेऊन. मी हात उंचावला.

“भगिनींनो! डोळ्यांपुढे आणा तो मुलगा! त्याची आई गेली आहे. तो घरी येतो तेव्हा चूल थंड असते. बाप समोर असतो, पण दोघांना बोलायला शब्द नसतात. करपलेला घास तो मुकाट्याने गिळतो. दारावरून लोक जातात, पण आत कुणी येत नाही. भगिनींनो, हा मुलगा किती दिवस एकटा राहणार?”

काय परिणाम झाला म्हणून सांगू! तुरीची सुपं खाली ठेवली गेली. यमुनाआजीने पदर डोळ्याला लावला. मैनाकाकू माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं, वक्ता असावा तर असा!

“मंग तुले काय पाह्यजे बापा?” आजीने विचारलं.

“मला काही नको, आजी! त्या मुलाला मदत हवी. प्रत्येक घराने आपला वाटा उचलावा.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मैनाकाकू उठल्या. “सोमवार माह्याकडे.”

“मंगळवार मी घेतो,” आजी म्हणाली. पाठोपाठ बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारही भराभर गेले.

मी थक्क झालो. वाटलं, वर्गणी गोळा करायला बायांनी वार वाटून घेतले. काय ही संघटनशक्ती! घरी जाऊन मी त्या विषयावर एका पत्रकाचा मसुदाही केला.

सोमवारी मैनाकाकू दारात हजर. हातात झाकलेलं ताट. भाकर, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा.

“काकू, हे काय? हे कोरियाला कसं पोचणार?”

“पोचते. तू खाली बस.”

“अहो, ताट नको, मदत द्या!”

“हे पाय पुरू,” काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, “मांगं हिंगणीचं गरिबाचं पोट्टं आपल्या शाळेत शिकत होतं, तं आपण त्याचे वार लावले होते की नाई? रोज एका घरी जेवे. तुया मायनंच गुरुवार घेतला होता. त्यात लाज कायची?”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या सभेत कोरिया कुणी ऐकलाच नव्हता. गावाने ऐकलं ते एवढंच, की पुरूच्या घरी आई नाही, चूल थंड आहे, आणि पोरगं इतकं लाजाळू की स्वतःसाठी वार मागायला त्याला परमुलुखाचं नाव घ्यावं लागलं!

मी नकार दिला. ताट परत केलं. (पत्रक मात्र टाकलं नाही, पत्रकं संपली होती.) मंगळवारी यमुनाआजी गोळाभात घेऊन आली, तेव्हा मी शाळेतून जगाचा नकाशाच मागून आणला होता. “ही बघा आजी, वर्धा. आणि हा इकडे, पार या टोकाला, कोरिया. खरोखरचा देश आहे!”

आजी नकाशाकडे पाहत राहिली. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला. “किती दूरचं नाव शोधून आनलं रे लेका! येवढी लाज बरी नाई.”

मी जितका खुलासा करावा, तितकी गावाला माझी कीव यावी! न्हाव्याने हजामतीचे पैसे घ्यायचं नाकारलं. दुकानदार गूळ बांधून द्यायला लागला. मध्या रस्त्यात भेटला, समितीतून काढलेला असूनही थांबला आणि म्हणाला, “मले सांगतलं असतं त घरूनच डबा आनला असता बे.” आणि बुधवारी जिनातून बाबा आले, तेव्हा त्यांचा डबा सकाळी नेला होता त्याहून जड होता!

बाबांनी तो माझ्यापुढे उघडला. अर्ध्या अर्ध्या भाकरी, पाटवडी, कांदे. जिनातल्या गड्यांनी आपापल्या डब्यातलं एकेक काढून गुपचूप भरलं होतं.

“मी तुले उपाशी ठेवतो?” बाबांनी विचारलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“बाबा, हा जनतेचा गैरसमज आहे. माझा रोख कोरियातल्या—”

“घरात त सरळ बोल! भाषणात काय बोलला ते सांग. जसंच्या तसं.”

मी उभा राहिलो. हातसुद्धा उंचावला. “डोळ्यांपुढे आणा तो मुलगा. त्याची आई गेली आहे. तो घरी येतो तेव्हा चूल थंड असते. बाप समोर असतो, पण...” इथे हात आपोआप खाली आला. पारावर जे वाक्य मी गर्जून म्हटलं होतं, ते चार भिंतींच्या आत म्हणवेना. कसंबसं करपलेल्या घासापर्यंत पोचलो आणि थांबलो.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “कोरियात खिचडी करतेत?”

“माहीत नाही, बाबा.”

“मंग करपलेला घास कुठून आला?”

मी घरातली सगळी पत्रकं मनातल्या मनात धुंडाळली. कशातच तो नव्हता.

बाबांनी चुलीकडे पाहिलं. “तुया मायनं मले कधी चुलीजवळ येऊ देलं नाई,” ते म्हणाले. “शिकतो म्हटलं तं हासे.” आणि ते स्वतःच हसले. आधी थोडे, मग खोकला येईपर्यंत! मीही हसायला लागलो. हसता हसता माझं नाक वाहायला लागलं, ते मी सदऱ्याच्या बाहीला पुसलं, आणि बाबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तेवढ्यात मैनाकाकू पुन्हा दारात. वार त्यांचा नव्हता, पण त्यांना धीर नव्हता. ताट आणि वर तक्रार. “भाऊजी, तुमचं पोट्टं आमच्या हाताचं खात नाई, अन् तिकडच्या पोट्ट्याईले खाऊ घाला म्हनते. हे कोनतं शास्त्र?”

मी तत्त्व सांगू लागलो. काकूंनी ते मध्येच तोडलं. “बरं, असन तुया कोरिया. आपन असं करू. तू ताट खाल्लं की मी मूठभर जवारी काढून ठेवीन तुया कोरियाच्या नावानं. नाई खाल्लं तं दाना नाई!”

आता आली का पंचाईत! मी जेवलो नाही तर कोरियातलं मूल उपाशी. समितीची तातडीची बैठक मी जागेवरच घेतली, ठराव एकमताने मंजूर केला आणि खाली बसलो. भरीत काय होतं म्हणता! बाबांनी चुलीमागचा पाट काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि काकूंना बसायला दिला. जाताना रिकामं ताट बाबांनीच त्यांच्या हातात ठेवलं. त्यात दुकानदाराच्या पुडीतला गुळाचा खडा होता.

मग मी कोरियासाठी जेवतच सुटलो. घरोघरी तोच नियम, ताट संपलं तर मूठ. बाया आग्रह करकरून वाढत, “घे ना पुरू, आनखी एक भाकर, आनखी एक मूठ टाकतो!” मीही मानवजातीकडे पाहून हात पुढे करत असे. फक्त रविवार बाबांनी कुणाला दिला नाही. त्या दिवशी ते खिचडी टाकत, ती करपत असे, आणि आम्ही तिला कोरियाची खिचडी म्हणत एकमेकांकडे तोंड करून खात असू. ज्वारीचं पोतं हळूहळू भरलं. ते मला एकट्याला उचलेना, म्हणून मध्याला समितीत परत घेणं भाग पडलं. तो म्हणाला, “ठराव कर आधी!” केला.

आम्ही ते पोतं बैलगाडीतून वर्ध्याला मदत केंद्रावर नेलं. तिथल्या पांढऱ्याशुभ्र खादीतल्या पाहुण्यांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी ओट्यावर चढलो, छाती भरून श्वास घेतला आणि गरजलो, “बंधू-भगिनींनो! भूक म्हणजे काय, ते मला विचारा!”

आणि त्याच क्षणी माझ्या सदऱ्याचं पोटावरचं बटण तुटून थेट पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन पडलं!