बांधावरची परीक्षा

मी स्वभावाने तापट. पेणच्या कॉलेजात प्राचार्य झाले तेव्हा त्या तापटपणाला खुर्चीही मिळाली. करोनाच्या त्या वर्षी कॉलेज ओस पडलं, व्हरांड्यात कबुतरं नांदायला लागली आणि रागवायला समोर कुणी उरलं नाही. मग मी सूचना काढत सुटले. हात धुण्याची सूचना, ऑनलाइन हजेरीची सूचना, एवढंच काय, सूचना नीट वाचण्याचीही सूचना. आमचे शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, आता कबुतरांसाठी पन एक काढा."

शेवटच्या वर्षाची परीक्षा ऑनलाइन घ्यायची ठरली तेव्हा माझा उत्साह उतू गेला. मी नियम ठोकून दिला : तासभर कॅमेरा चालू, मागे एकही माणूस दिसता कामा नये, कुणाचा आवाज येता कामा नये, नाहीतर पेपर बाद. खोलीचं दार लावून बसा. ज्यांच्या घराला खोलीच एक, त्यांनी काय करायचं, हे मला सुचलं नाही. आणि परीक्षा ऐन भातकापणीत येते आहे, हेही नाही. सगळा जन्म रायगडात काढून!

सराव परीक्षेच्या दिवशी माझ्या पडद्यावर रसायनशास्त्राची एक मुलगी दिसली. गडबच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातली. तिच्या मागे दहाबारा माणसं विळे घेऊन वाकलेली, कुणी हाका मारतंय, कुणी खिदळतंय. मी लगेच फोन लावून तिला फैलावर घेतलं.

"मॅडम, घरात रेंज नाय," ती म्हणाली. "फक्त हितं बांधावर हाय. आन् मागं आमचंच शेत हाय, कापनी चालू हाय."

खाडीचं पाणी अडवणारा तो बांध आणि त्याला लागून त्यांचं भात. तिला कॉलेजात बसवावं, तर विद्यार्थ्यांना आत घ्यायची परवानगी नव्हती. रोह्याच्या एका कंपनीत, लॅबमध्ये तिची निवड झाली होती. निकाल हातात असला तरच हजर करून घेणार होते. म्हणजे पेपर बाद झाला की नोकरी गेली. नियम सगळ्यांना एकच, आता एकटीला सूट कशी द्यायची, याचा मी विचार करू लागले. तेवढ्यात तिच्या वडिलांनी फोन घेतला.

"मॅडम, तुमी काय काळजी करू नका. मानूस दिसनार नाय."

परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसात तिचाच चौकोन मोठा करून बसले. मागे पिवळं भात आणि वर भरून आलेलं आभाळ. माणूस एकही नाही. मध्येच एक बगळा ऐटीत चालत गेला, तर माणूसच आला समजून मी खुर्चीतून अर्धी उठले. मला वाटलं, बिचारे कापणी टाकून घरी गेले असणार. पाऊस आला तर सगळं पीक आडवं होईल, आणि ते माझ्या नियमापायी. स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता. पंधरा मिनिटं उरली, मग पाच. शेवटी पेपर जमा झाला.

कॅमेरा अजून चालूच होता. ती मागे वळून ओरडली, "झाला!"

आणि भातातून एक डोकं वर आलं. मग दुसरं, मग एकदम चारपाच. तोंडाला रुमाल, पदर बांधलेली, हातात विळे धरलेली ती सगळी माणसं तासभर उभ्या भातात गुडघे मोडून बसली होती. घरी जाऊन परत येण्यात वेळ गेला असता आणि आभाळ तर थांबणार नव्हतं. मी एवढी हसले, एवढी हसले की शिपाईकाका धावत आले. त्यांना पडदा दाखवला आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

पुढे ती पास झाली, रोह्याला हजरही झाली. पण त्या दिवशी, मी अजून पडद्यासमोरच बसलेली असताना, माझा फोन वाजला. नंबर तिचा, आवाज तिच्या काकूचा.

"मॅडम, आता कापू का?"

माझी एकही सूचना आजवर कुणी इतक्या मनापासून पाळली नव्हती.

"कापा हो," मी म्हटलं. "आणि चांगला आवाज करा."