दाईची तिसरी गाठ
पदराची गाठ दिसली की मला गिरडची दाई आठवते. पंचावन्न साली माझं पहिलं बाळंतपण तिनंच केलं. खोलीत ओव्याचा धूर होता. तिच्या पदराला तीन गाठी होत्या. एकेक काम झालं की ती एक सोडायची. बाळ रडलं, नाळ कापली, सगळे हसू लागले. निघताना पदराला हात पुसले, तर तिसरी गाठ तिच्या हाताला लागली. तशीच मागे फिरून तिनं बाळामागून पडलेली वार सुपात पसरून पाहिली. तिचा एक तुकडा माझ्या पोटातच राहिला होता. तो काढून, घाम पुसत ती सगळ्यांसमोर म्हणाली, “पाळी जाऊन राह्यली बाई, डोक्यातलं निसटते. म्हून पदराले सांगून ठेवतो.” आता माझीही पाळी जात आली, मीही विसरते. काल सुनेच्या देखत मी पदराला गाठ मारली.