पिशवीत जागा नाही

माझ्यासारख्या बाईने लढाईच्या गेममध्ये जाऊन उभं राहावं, हे कुणी पूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी झरीच्या शाळेत शिकवते, घर डहाणूला. मुलांच्या हातात मोबाइल दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. आणि आता मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून मीच त्या मोबाइलमध्ये हेल्मेट घालून उभी असते. कुणी विचारलं तर सांगते, बँकेचं काम चाललंय.

कारण एकच. माझा मुलगा तिथे असतो, आणि दुसरीकडे कुठेच तो मला सापडत नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याचं आणि त्याच्या बाबांचं वाजलं. हे रेल्वेत, जन्मभर वेळापत्रकावर चाललेला माणूस. पोरगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला परत नापास, आणि दिवसभर गादीवर लोळून हाच गेम. हे म्हणाले, "तू आणि तुझा फोन, दोघेही चालते व्हा." बाप रागात बोलून गेला, पोराने ते खरं केलं. नंबर बदलला. कुणी सांगितलं भिलाडला दिसला, कुणी सांगितलं वापीला कंपनीत लागलाय. मी वापीला जाऊन कंपन्यांच्या गेटवर उभी राहून आले. शिफ्ट सुटली की पोरांचा लोंढा बाहेर पडायचा, त्यात माझा नसायचा. घरी ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. मला फक्त एकदा त्याच्याशी बोलायचं होतं. कुठे राहतोस, जेवतोस का, एवढंच.

बोर्डीला माझी भाची असते, शाळेच्या ऑफिसात काम करते. तीही हा गेम खेळते. तिने सांगितलं, "मावशी, तो जुन्याच नावाने खेळतोय. मला त्याने ब्लॉक केलंय. तुला नवीन खातं काढून देते." 'आई' हे नाव मागितलं तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. कपाळ माझं. शेवटी 'आई डहाणू' मिळालं.

लढाई सुरू व्हायच्या आधी सगळे खेळणारे एका मैदानात जमतात, त्याला लॉबी म्हणतात. तिथे लिहून बोलता येतं, असं भाचीने सांगितलं होतं. बोलता येतं म्हणजे काय, तर मासळीबाजारात उभं राहून कुणाच्या तरी कानात सांगण्याचा प्रयत्न करायचा. एक गुजरातीत शिव्या घालतोय, दुसरा हिंदीत कुठली पोरगी आहे का विचारतोय, तिसरा नुसतेच हसरे चेहरे टाकतोय. आपण एक ओळ लिहावी, ती वर सरकून दिसेनाशी व्हावी. माझा मुलगा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मैदानाच्या कडेला एका गाडीवर चढून उभा होता. लिहिलं, "मी आई आहे, जेवलास का?" खाली लगेच कुणीतरी लिहिलं, "आंटी, क्या बनाया है?" मग सगळे मेले तेच विचारायला लागले. त्यांच्या गदारोळात माझी ओळ कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही, आणि लढाई सुरू झाली.

पण त्याने पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याने माझी मैत्रीची विनंती घेतली. मी स्टाफरूममध्ये तोंडाला पदर लावून बसले.

आता दोघांना वेगळं बोलता येईल असं मला वाटलं, तर तिथेही नियम. दोघांनी एकमेकांना एकेक भेट पाठवायची, दोघांनी ती घ्यायची, मगच आपसात बोलायची खिडकी उघडते. हा नियम ऐकून मला हसूच आलं. माझं माहेर रानशेतचं. नवं भात झोडलं की आमच्याकडे पहिलं टोपलं भाऊबंदांच्या घरी जातं. टोपलं घेतलं तर बोलणं चालू. परत आलं तर संपलं, मग लग्नाला बोलावणं नाही की मयताला जाणं नाही. माझ्या पोराने लहानपणी सुट्टीत मामाबरोबर अशी टोपली पोचवली आहेत. एका घरातून परत आलेलं टोपलं डोक्यावर घेऊन तो रडत आला होता. भेटीचा हा नियम त्याला समजावून सांगावा लागला नसता.

मी औषधाची पेटी पाठवली. त्याने घेतली. आता फक्त त्याच्याकडून यायची होती.

आज येईल, उद्या येईल. जीव टांगणीला. तोवर मी लढाईत जायचे, पण गोळी झाडायला नाही. मी झुडपात लपून वस्तू गोळा करायचे. औषधाच्या पेट्या, पावाची पाकिटं, एक निळं जाड जॅकेट. सगळं त्याच्यासाठी. खिडकी उघडली की एकेक देईन, असा माझा बेत. माझा स्वभावच तसा आहे, घरीसुद्धा लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांनी माळा भरलाय, हे ओरडतात. गेममधली पिशवी केवढी, तर हातरुमालाएवढी. ती कधीच भरली. मग सारखी वर एक लाल पट्टी यायला लागली, इंग्रजीत, आणि खाली पैसे भरून पिशवी मोठी करून घ्या असं बटण. मला वाटलं, हे लुबाडायचे धंदे. आली पट्टी की मी न वाचता बाजूला सारायचे. एवढी शिकलेली बाई, आणि पूर्ण ओळ वाचायचे कष्ट घेतले नाहीत. कारण अशी भीक मागणारी पट्टी तिथे ऊठसूट येतेच.

त्याची भेट काही आली नाही. लॉबीत तो दिसायचा, आधी माझ्या जवळ येऊन उभा राहायचा. मग लांब उभा राहायला लागला. मी लिहायचे, "पाठव ना रे." ओळ गर्दीत वर सरकून जायची. एकदा मी घरी येऊन देवासमोर अक्षरशः भांडले.

एका रविवारी मी बोर्डीला भाचीकडे गेले. तिच्या ओट्यावर बसून तिच्यासमोर गेम उघडला. लाल पट्टी आली. मी बोटाने सारणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"मावशी, थांब. ही जाहिरात नाहीये. तुझी पिशवी भरलीय, म्हणून आलेली भेट परत गेली, असं लिहिलंय."

"कुणाची भेट?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघून म्हणाली, "त्याचीच. ही पट्टी तुला किती दिवस येतेय?"

तो पाठवत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचं टोपलं मी दारातून परत धाडत होते. त्याच्या फोनवर काय दिसत असेल, तर आईने घेतलं नाही. परत आलेल्या टोपल्याचा अर्थ आमच्या घरातल्या पोराला कुणी शिकवायला नको. वापीतल्या कुठल्यातरी खोलीत तो एकटा बसून ते वाचत असेल, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवत असेल. मी भाचीच्या ओट्यावर बसून रडले. ती बिचारी पाणी घेऊन उभी राहिली.

मग मी पिशवी रिकामी करायला घेतली. एकेक वस्तू टाकताना गेम विचारतो, नक्की टाकायची का? औषधाच्या पेट्या, नक्की. पाव, नक्की. निळं जॅकेट, नक्की. सगळं टाकलं. पण आता तो पाठवेना. का पाठवेल? माणूस किती वेळा दार वाजवणार?

बुधवारी मधल्या सुट्टीत त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला, म्हणजे तो गेममध्ये आला होता. मी धावतच लॉबीत शिरले. तो भिंतीपाशी होता. मी लिहिलं, "पिशवी भरली होती, मी परत केलं नाही." ओळ वर सरकली. पुन्हा लिहिलं. पुन्हा कुणाच्या तरी शिव्यांखाली गेली. मग मी तीच ओळ लिहीत सुटले. एकामागून एक. सगळं मैदान शिव्या घालायला लागलं, आंटी पागल हो गई. होऊ दे. मला फक्त त्याने वाचायला हवं होतं.

आणि त्याने वाचलं. माझ्याकडे तोंड करून तो भिंतीपासून चार पावलं पुढे आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या नावापुढे मराठी अक्षरं उमटली.

"एवढं काय होतं पिशवीत?"

मी लिहिलं, "सगळं तुझ्यासाठीच जमवलेलं रे." बटण दाबलं. गेलं नाही. परत दाबलं. एकच ओळ सारखी सारखी लिहिली म्हणून गेमने माझं बोलणं बंद केलं होतं. त्याच्या डोक्यावर लढाई सुरू व्हायचे आकडे उलटे पडायला लागले. तो तसाच माझ्याकडे बघत उभा होता. मी बटण दाबत राहिले. "बाई, घंटा झाली, वर्ग वाट बघतोय," असं कुणीतरी दारातून म्हणालं. मग मैदान पुसलं गेलं.

त्यानंतर त्याचा हिरवा ठिपका दिसलेला नाही. भाची म्हणते, येईल, गेम कुणाला सुटलाय. मी रोज पिशवी उघडून बघते, रिकामी आहे ना. त्याला वाटत असेल, आईने विचार केला आणि तिला सांगण्यासारखं काही सापडलं नाही.