वारं गेलं

अण्णा गेला, त्याला आता दीड महिना होईल. लोणावळ्याहून त्याचा मुलगा मुकुंद दुपारच्या गाडीने तळेगावला आमच्याकडे आला आणि चपला न काढताच दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं. "आत्या, अण्णा गेले," एवढंच म्हणाला आणि त्याने पाणी मागितलं. माझ्या या थोरल्या भावाला सगळेच अण्णा म्हणत, त्याची मुलंसुद्धा. नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच शब्द ऐकवला. सुटला. सुटला हो बिचारा. मी मान डोलावली, चहा केला, पण आतून माझा नुसता संताप होत होता. सुटला म्हणे. अडकून पडला होता तेव्हा तुमच्यातले किती जण त्याच्या खाटेशी घटकाभर टेकलात... जाऊ दे. माझी जीभ तिखट आहे असं अण्णाच म्हणायचा, आणि त्याने म्हटलेलं मला कधी लागलं नाही.

अण्णा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. सगळी नोकरी लोणावळ्यात आणि घाटात झाली. रुळांवर जन्म काढलेल्या या माणसाला बिनरुळाच्या पाण्याचं वेड कुठून लागलं, देव जाणे. गावापलीकडच्या जुन्या तलावात एक बेट आहे. मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेल्या एका हौशी गृहस्थांनी तिथला पडका बंगला नीटनेटका करून शिडाच्या दोन-तीन होड्या आणल्या होत्या. उन्हाळ्यात कुटुंबंच्या कुटुंबं तिथे आठवडाभर राहायला येत आणि होडी चालवायला शिकत. अण्णाची त्या गृहस्थांशी गट्टी जमली. रविवार आला की हा बेटावर. आधी स्वतः होडी शिकला आणि मग आम्हा सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागला.

सदुसष्टच्या सुमाराचा मे असेल. अण्णा, वहिनी, मुकुंद, त्याची धाकटी बहीण नंदा आणि मी असे आम्ही बेटावर उतरलो. आमच्या घरचे रजा मिळत नाही म्हणून वाचले. मी बरोबर दोन कादंबऱ्या आणि आंब्यांची करंडी घेतली होती. आंबा खायचा, पुस्तक छातीवर पालथं टाकायचं आणि झोपायचं, एवढीच माझी सुट्टीची कल्पना. अण्णाने ती पहिल्याच सकाळी मोडीत काढली. उजाडताच दारावर थाप, "चला." हा त्याचा लाडका शब्द. पोहायला चला, दोराच्या गाठी शिकायला चला, बेटाला पायी फेरी घालायला चला. आंबासुद्धा घाम गाळल्याशिवाय मिळायचा नाही. "शके, झोपायला आलीस का इथे? झोप घरी मिळते." मी म्हटलं, "घरी कुठली मिळतेय, घरी सासूबाई आहेत." तो हसला आणि त्याने माझ्या हातात दोर दिला.

खरी गंमत वहिनीची झाली. ती मुळात अबोल, चार माणसांत तिचा आवाज म्हणून ऐकू यायचा नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिला मोठ्याने हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या बेटावर पदर खोचून ती सुकाणू धरून बसली आणि दोन दिवसांत आम्हा सगळ्यांत तरबेज झाली. होडी कलली की पोरांपेक्षा तीच जास्त खिदळायची. अण्णा काठावर उभा राहून तिच्याकडे नुसता बघत राहायचा. मी चिडवलं तर म्हणाला, "बघू दे ग. इतक्या वर्षांत हसली नाही तेवढी हसतेय."

बंगल्यावर स्वयंपाकाला डोंगरातल्या वाडीवरची ठकूमावशी होती आणि होड्यांवर तिचा भाऊ बाळू. शीड लुळं पडलं की बाळू सांगायचा, "वारं गेलं, वैनी. बसा आता." मुलांनी तो शब्द उचलला. मग काय, येता-जाता वारं गेलं. कंदील विझला, वारं गेलं. आमटी संपली तरी मुकुंद भांड्यात डोकावून म्हणायचा, "मावशी, वारं गेलं." मावशी तोंडाला पदर लावून हसायची. शब्द तिच्याच घरचा आणि आम्ही त्याचं असं खेळणं केलेलं.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णाने फर्मान काढलं की आज बेटाची फेरी त्याच्याशिवाय मारायची, आणि वल्ह्यांशिवाय. वल्ही हाताशी असली की माणूस वाऱ्याची वाट बघत नाही, लगेच मारायला लागतो, असं त्याचं म्हणणं. त्याने आमच्या होडीतली वल्ही काढून व्हरांड्याच्या भिंतीशी उभी केली आणि स्वतः एक फाटलेलं शीड शिवायला तिथेच बसला. आम्ही निघालो. सुकाणूवर वहिनी, सोबतीला बाळू. फेरी झकास झाली. बेटापासून हाकेच्या अंतरावर आलो आणि शीड लुळं पडलं. बसलो मग बाळूच्या शिकवणुकीप्रमाणे.

तेवढ्यात ठकूमावशी काठाकडे धावत येताना दिसली. ऊन डोळ्यांवर होतं, तिचा चेहरा दिसत नव्हता. ती काहीतरी ओरडली. पाण्यावरून आमच्यापर्यंत आलं ते एवढंच... "वैनी, वारं गेलं!" आम्ही सगळे हसलो. वहिनीने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मावशीची नक्कल करत खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "आमचंबी गेलं, मावशी!" पोरं हसून लोळली. तिला इतकं ओरडून बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मावशी पुन्हा ओरडली. मग ती लुगड्यानिशी पाण्यात शिरली, छातीएवढ्या पाण्यात येऊन हात हलवायला लागली. बाळूचा चेहरा एकदम उतरला. "वैनी," तो हळूच म्हणाला, "ती ह्या वाऱ्याचं न्हाई म्हनत. आण्णांवरनं वारं गेलंय म्हनतीया." अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा मारणं, हे आम्हाला का माहीत नव्हतं? आमच्या आजोळीही असंच म्हणत. पण आठवडाभर तो शब्द आमच्या तोंडी शिडाचा झाला होता.

त्यानंतरचं मला नीट लिहिता येणार नाही. बाळूने पाण्यात उडी टाकली आणि तो पोहत वल्ही आणायला गेला. आम्ही चौघं हातांनी पाणी मागे सारत होतो आणि होडी जागच्या जागी फिरत होती. व्हरांड्यात अण्णाचे पाय दिसत होते. दिसत होते, आणि जाता येत नव्हतं. वहिनीला पोहता येत नव्हतं, तरी ती उठून उडी मारायला निघाली. मी तिला कमरेला मिठी घालून खाली बसवलं. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त पाणी ओढत राहिली. पोचलो तेव्हा अण्णा शिडाच्या कापडावर आडवा होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, आणि तो आमच्याकडे बघत होता. होडीतून काठ, काठावरून एका मालट्रकमधून लोणावळा, तिथून पुणे. पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनीला समजावलं की त्याच क्षणी आणलं असतं तरी याहून वेगळं काही करता आलं नसतं. माझ्या मनाला तेवढाच आधार झाला. वहिनीने ते ऐकल्यासारखं केलं.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द तेवढा राहिला, चला. भूक लागली, चला. पाठीला मुंग्या आल्या, चला. नंदाच्या लग्नात ती पाया पडली तेव्हाही तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून तो म्हणाला, "चला." भेटायला आलेली माणसं अर्धा चहा टाकून उठायची. त्यांना वाटायचं, हा आपल्याला जा म्हणतोय. आणि अण्णा त्यांना थांबवायला आणखी मोठ्याने तेच म्हणायचा. मग डाव्या मुठीने खाट बडवायचा. त्याला सगळं कळत होतं हो. आम्हालाच त्याचं कळत नव्हतं. रेल्वेची चाळ सोडून ते भांगरवाडीत दोन खोल्यांत गेले, मुलं मोठी झाली, आणि अण्णा त्या एका शब्दात बसून राहिला.

एकदा मी त्यांच्याकडे राहिले असताना बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होते. आत वहिनी त्याला भरवत होती. तिचा आवाज आला, "त्या दिवशी मी होडीतून ओरडले, ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?" अण्णा म्हणाला, "चला." ती म्हणाली, "हो असेल तर डोळे मिटा." मी दारातून पाहिलं. त्याने डोळे मिटले, उघडले, परत मिटले आणि तो रडायला लागला. यातलं हो कुठलं आणि नाही कुठलं, कसं कळावं? तिने त्याचं तोंड पुसलं आणि पुढचा घास भरवला. नंतर मी तिला म्हटलं, अग, व्हरांडा केवढा लांब, त्याला कसलं ऐकू येतंय. ती म्हणाली, "मावशीचं आपल्याला आलंच ना?"

ती पुढेही विचारत राहिली. रोज नाही, मधूनच. तो पडल्या पडल्या, बोलता येत नसताना, मदतीची वाट बघत असताना बायकोचं हसू त्याच्या कानावर गेलं की नाही, एवढं एकच तिला हवं होतं. ते सांगू शकणारा जगात एकच माणूस होता आणि तो तिच्यासमोर, तिच्याच हातचं जेवत होता. देवा, हे असलं कशाला रे करतोस, असं मी कितीदा म्हणाले असेन.

मागच्या आठवड्यात मी लोणावळ्याला जाऊन आले. खाट काढली आहे, खोली मोठी दिसते. दुपारी आम्ही दोघीच जेवायला बसलो. अण्णाला घास गिळता यायचा नाही, म्हणून वहिनी त्याचा वरणभात बोटांनी अगदी मऊ, गंधासारखा कालवायची. अजूनही तसाच कालवते. तिला स्वतःला असा भात कधी आवडला नाही, मोकळा लागतो. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं, तरी तिची बोटं थांबली नाहीत. वाटीतलं एकेक शीत मोडत ती खालीच बघून म्हणाली, "वन्सं, ऐकू आलं होतं, असं म्हणाले असते ना, तरी चाललं असतं."

मग तिने तो घास स्वतःच्या तोंडात घातला. मी तिच्या पानात थोडं तूप वाढलं. दुसरं काय करणार.