आधी भरायचा बांध

बाबा बाल्कनीत ब्राह्मी लावतात, तीही करंजा बंदरावरून आणलेल्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात. उलव्याकडे खाडीकाठी आमची खारजमीन होती तेव्हा ती बांधाच्या कडेला चिखलात आपोआप पसरायची आणि तिला कुणी विचारत नसे. जमीन गेली, पनवेलला फ्लॅट आला आणि ब्राह्मीला बाल्कनीचा मान मिळाला.

त्याला कारण मी. इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ब्राह्मीतल्या घटकांवर काम करते. काचेच्या बशीत चेतापेशी वाढवायच्या, त्यांना इजा करणारं रसायन द्यायचं आणि ब्राह्मीचा अर्क मिळालेल्या पेशी कितपत तगतात ते बघायचं. पहिल्यांदा त्या तगल्या तेव्हा मी पेढे घेऊन घरी आले आणि नको तेवढं बोलले. आईचा विसरायचा आजार तेव्हा नुकताच कळला होता. मी पेशींचं कौतुक सांगत होते आणि बाबा आईकडे बघत होते. एवढी शिकलेली मी, पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ब्राह्मीची चटणी. आई तोंड वाकडं करायची, बाबा चुचकारून घास भरवायचे. मी डॉक्टरांना विचारलं. गोळ्या चालू ठेवून थोडी चटणी खायला त्यांची हरकत नव्हती, पण आशाही त्यांनी दाखवली नाही. असे काही महिने गेले. मग एका सकाळी घास गिळून आईने बाबांनाच विचारलं, "तुमी कोन? आमचं मानूस कवा येल?"

"येल आता," बाबा म्हणाले आणि तिचं तोंड पुसलं. मग माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. "तुज्या बशीतल्या पेशी जगल्या ना? मंग इचं असं का?"

मला राग आला तो माझाच, पण आवाज चढला त्यांच्यावर. "बाबा, बशीत आम्ही अर्क आधी देतो, विष नंतर. पेशी मेल्यावर देऊन काय उपयोग? आणि माणसांचं तर अजून कुणालाच नक्की माहीत नाही!" हे सगळं मी पेढ्यांच्या दिवशी सांगायला हवं होतं. बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटली.

बाबांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे बांदावानी," ते म्हणाले. "उधान यायच्या आदी चिखल भरायचा. खारं पानी शेतान घुसल्यावर भरून काय फायदा?"

"हो बाबा, तसंच."

चला, चटणीचं प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर पुन्हा लागला. मी तणतणत बाहेर आले. आई अजून झोपली होती. बाबा एकटेच जेवणाच्या टेबलाशी बसून ती कडू चटणी भाकरीला लावून खात होते.

"आता कशाला? काल एवढं समजावलं ना मी!"

"इचा बांद फुटला," ते म्हणाले. "माजा हाय अजून. आमचं लगीन, तुजा जनम, आमची शेतं... आता दोगांचं एकल्यानं ध्यानान ठेवाचं हाय."