पहिलीच्या रांगेत बसलेले मुनीर सर

मुनीर सरांची पंच्याहत्तरी साजरी करायचे ठरले, तेव्हा समितीच्या सुलोचनाबाई माझ्याकडे आल्या. त्या सरांच्या विद्यार्थिनी आणि माझ्याही. आता मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. म्हणाल्या, "मास्तर, सरांच्या बरोबरीनं काम केलेलं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाय. पहिली ओळख कशी झाली तिथून लिहा. अन् सगळं लिहा." जाता जाता टाकलेले ते 'सगळं' माझ्या मनात घर करून बसले आहे.

पहिली ओळख आठवू लागलो की माणसे नंतर येतात, आधी उजेड येतो. औरंगाबादहून निघून हर्सूलचे तळे मागे टाकून सिल्लोडच्या रस्त्याने बरेच पुढे गेले की एक गाव लागे. गावाबाहेर निजामाच्या काळातली एक रिकामी सराई होती आणि तिच्या कमानींखाली शाळा भरे. दुपारचे ऊन कमानींतून आत यायचे आणि जमिनीवर हळूहळू सरकत राहायचे. पोरे पाढे म्हणत, वर पारवे घुमत. कधीकधी मला अजून पहाटे अर्धवट जागेपणी ते पाढे ऐकू येतात, पण कितीचा पाढा चालला आहे ते कळत नाही.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन दुसरे वर्ष लागले होते. शाळांचा कारभार उर्दूतून मराठीत येत होता आणि मराठी लिहिणारे मास्तर पुरत नव्हते. मी वैजापूरच्या पलीकडचा, येवल्याचा. वय वीस, मराठी फायनल पास, धोतर कडक आणि डोक्यात हवा. नेमणुकीचा कागद घेऊन सराईत शिरलो, तर दाराशी एक सडपातळ तरुण मांडीवर फडके पसरून पोरांचे बोरू तासत बसलेले. तेच शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, शेख मुनीर. ते उठले, माठातून तांब्या भरून आणला आणि म्हणाले, "आओ मास्टर, पाणी प्या. लई ऊन हाय." घसा कोरडा पडला होता, तरी मी तहान नाही म्हणालो. का म्हणालो ते त्यांना कळले, मलाही कळले. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हसून म्हणाले, "तुम्ही आले ते बरं झालं. पोरं मराठीत भांडतात, मी उर्दूत समजावतो. कवापर्यंत चालायचं असं?"

हे इथे सांगायला हवे की सरांना मराठी बोलता येत होती, आणि तीही गावातल्या कुणब्यासारखी ठसकेबाज. त्यांना ती लिहिता-वाचता येत नव्हती. त्यांचे सगळे शिक्षण उर्दूतून झालेले. गणितात मात्र त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. अपूर्णांक ते भाकरीवर शिकवायचे, आणि तास संपला की भाकरी पोरांच्या पोटात गेलेली असायची. मी मराठीचा मास्तर. माझे शुद्ध बोलणे ऐकून पोरे बावचळून जात. सर म्हणायचे, "मास्टर, इत्ता साफ बोलेंगे तो पोरां डरेंगे ना! थोडं मळकट बोला."

त्या वर्षी शाळेला नव्या वह्या आल्या. कागदाची टंचाई होती, तेव्हा नवी वही म्हणजे सणच. सरांनी एकेका पोराला नावाने बोलावले, वहीवर उर्दूत त्याचे नाव सुरेख अक्षरात घातले आणि वही दोन्ही हातांनी दिली. पण उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. मराठी वहीची जी शेवटची बाजू, ती सरांच्या हाताला पहिली. त्यांनी नावे मागच्या पुठ्ठ्यावर घातली, पोरांनी वह्या त्याच बाजूने उघडल्या आणि माझे मराठी धडे शेवटच्या पानापासून उलटे येत लिहायला सुरुवात केली. ओळी सरळ, अक्षर सरळ, फक्त पाने उलटी.

मला हे पहिल्याच दिवशी दिसले. एक शब्द बोललो असतो तर पाच मिनिटांत निस्तरले असते. मी बोललो नाही. औरंगाबादच्या कचेरीत एका कारकुनाने मला निघताना सांगितले होते की डिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, लवकरच फेरी काढतील आणि काम ढिले दिसले तर मराठी जाणणाऱ्याला मुख्याध्यापक करतील. मी मनात म्हटले, मी कुठे काय वाईट करतोय? मी नुसता गप्प आहे. गौरवलेखात लेखकाने स्वतःबद्दल फार बोलू नये असा संकेत आहे. पण हे झाकून सरांचा गौरव करणे मला जमणार नाही.

डिपोटी साहेब आले. खुर्चीवर बसून त्यांनी वरची वही उचलली, उघडली. पान कोरे. पुढचे कोरे. दुसरी वही कोरी, तिसरी कोरी. पोरे भीतीने खांबासारखी उभी होती. साहेबांचा चेहरा कठीण होत गेला. "चार महिन्यांत एक ओळ नाही?" ते म्हणाले. सरांना काय चालले आहे ते उमगेना. त्यांच्या हिशेबी वह्या भरलेल्या होत्या. तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी, याच सुलोचनाबाई, रडवेली होऊन पुढे आली, साहेबांच्या हातातली वही घेऊन उलटी केली आणि म्हणाली, "हितून हाय लिव्हलेलं, साहेब."

साहेबांना क्षणभर हसू आले. त्यांनी पाने उलटली, अक्षर पाहिले, मान डोलावली. मग हसू मावळले. "एवढी शाळा उलट्या बाजूने चालली आणि कुणाच्या लक्षात आले नाही?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही मराठीचे शिक्षक ना? तुम्हालाही दिसले नाही?"

दिसले नाही म्हणावे तर मी आंधळा ठरत होतो. दिसले म्हणावे तर त्याहून वाईट काहीतरी. तेव्हा मुनीर सर एक पाऊल पुढे झाले. म्हणाले, "मास्टरनी सांगितलं होतं साहेब. पैल्याच दिवशी सांगितलं. मीच ऐकलं नाय. चूक माझी हाय."

मी काही सांगितलेले नव्हते.

महिनाभरात हुकूम आला. मी मुख्याध्यापक झालो. सर साधे शिक्षक झाले, आणि वर्षाच्या आत मराठीची परीक्षा पास व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी, असे खाली लिहिलेले होते. हुकूम मीच त्यांना वाचून दाखवला, कारण तो मराठीत होता. सरांच्या घरी म्हातारे वडील, दोन लहान बहिणी. त्या दिवसांत त्यांच्यासारख्यांच्या घरांवर आधीच काय काय कोसळले होते ते मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. नोकरी गेली असती तर दुसरी कुठे मिळणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलीच्या वर्गावर गेलो, तर पोरांच्या रांगेत, पाटी मांडीवर घेऊन, मुनीर सर बसलेले! मी घाईघाईने म्हणालो, "अहो, असे नका बसू. शाळा सुटल्यावर मी तुम्हाला वेगळे शिकवतो." मला लाज वाटत होती, आणि ती त्यांच्यासाठी नव्हती. सर म्हणाले, "वेगळं कशाला? ही सगळी माझ्याच इयत्तेची हायेत." मग रोज सकाळचा एक तास ते तिथे बसत आणि उठून चौथीला गणित शिकवायला जात. शेजारचा सहा वर्षांचा सोनकांबळ्यांचा पोरगा त्यांच्या पाटीत डोकावून, "मास्तर, ह्यो ळ असा नसतोय, त्याला गाठ मारा," असे सांगायचा, आणि सर निमूटपणे गाठ मारायचे. घाबरट मुलांची शाळेची भीती त्या वर्षी गेली. एवढा मोठा माणूस चुकतो आणि त्याला कुणी मारत नाही, हे त्यांना रोज दिसत होते.

एकदा मी धीर करून म्हणालो, "मुनीरभाई, त्या वह्यांचं..." त्यांनी पाटी पुढे केली. "मास्टर, आज जोडाक्षरं राहिली." त्यानंतर तो विषय मी काढला नाही. याच सुमाराला मला विषमज्वर झाला. खोलीत एकटा पडलो होतो, घरी कळवायलाही कुणी नव्हते. सर सकाळ-संध्याकाळ यायचे, कपाळावर पट्ट्या ठेवायचे, माझे वर्ग घ्यायचे. तापाच्या गुंगीत मी पाणी मागितले. त्यांनी तांब्या हातात धरून जरा थांबून विचारले, "चालेल ना?" मी त्यांच्या हातून ते पाणी प्यायलो. पाण्याला चव असते हे मला त्या दिवशी समजले.

परीक्षेला ते पायी औरंगाबादला गेले. निकाल लागला तेव्हा सगळ्या शाळेला रेवड्या वाटल्या, आणि पहिली रेवडी त्या सोनकांबळ्यांच्या पोराला दिली. त्यांची नोकरी राहिली, हे आमचे नशीब.

पुढची वर्षे माझ्या डोळ्यांपुढून ढगांच्या सावल्यांसारखी सरकतात. मी बदल्या घेत गेलो, सर त्याच पंचक्रोशीत राहिले. गावातल्या मोठ्यांसाठी त्यांनी दुपारचा वर्ग काढला. उन्हाची वेळ, शेतातून माणसे परतलेली, लिंबाची दाट सावली. साठीचे रंगनाथ आबा पहिल्या दिवशी हात मागे बांधून उभे राहिले. "आमचं वय झालं आता, मुन्शीजी. ह्या बोटांनी नांगुर धरला." सर म्हणाले, "मी बी घोडाच होतो आबा, पहिलीत बसलो तवा. इचारा गावाला." कुणाचे अक्षर चुकले की सर कधी 'चुकलं' म्हणत नसत. "मी बी असंच काढायचो," एवढेच म्हणत आणि शेजारी बरोबर अक्षर काढून दाखवत. पुढे प्रौढशिक्षणाच्या शिबिरांत शहरातल्या कॉलेजचे प्राध्यापक त्यांची पद्धत विचारायला यायचे. पद्धत वगैरे काही नव्हती. शिकणाऱ्याची लाज काय असते ती त्यांनी भर वर्गात बसून सोसली होती आणि कुणाला ती सोसावी लागू नये अशी त्यांची धडपड होती. रंगनाथ आबांनी पहिले पत्र सासरच्या लेकीला लिहिले. तिला वाचता येत नव्हते, म्हणून पुढच्या दिवाळीला ती माहेरी आली ती वर्गातच येऊन बसली.

गेल्या महिन्यात मी शहागंजजवळच्या त्यांच्या घरी गेलो. दृष्टी अधू झाली आहे. नात मराठी पेपर वाचून दाखवत होती आणि सर मध्येच तिचे उच्चार सुधारत होते. चहा झाला. पन्नास वर्षे जे ओठांवर येऊन परत जात होते, ते मी बोलून टाकले. "मुनीरभाई, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला दिसलं होतं, तरी सांगितलं नव्हतं."

"मालूम है," ते म्हणाले.

"मग साहेबांना तसं का सांगितलंत?"

सरांनी नातीला चहाचे कप आत न्यायला सांगितले. मग म्हणाले, "पोरं बघत होती ना, मास्टर. मी तर पडलोच होतो. त्यांच्यापुढं दोन-दोन मास्टर एकदम कसे पडू द्यायचे? उद्या ती कुणाकडून शिकली असती?"

मुनीर सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या डोळ्यांत वाचण्यापुरता उजेड राहो आणि त्यांची प्रकृती उत्तम राहो, ही प्रार्थना आपण सगळेच करत आहोत. माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थ आहे. सत्काराच्या दिवशी ते पुढच्या खुर्चीवर बसलेले मला हवे आहेत. हा लेख छापून येईलच, पण तेवढ्यावर मी सुटत नाही. त्या दिवशी सराईत खांबासारखी उभी असलेली पोरे पिकल्या केसांनी सभागृहात बसलेली असतील, आणि त्यांच्यासमोर उभा राहून मी माझ्या तोंडाने सांगणार आहे की त्या दिवशी चूक सरांची नव्हती, माझी होती.