यमुनाबाईंचं गाणं आणि माझं अक्षर

यमुनाबाई मंडईच्या बाहेर वाती विकतात. फुलवाती, समईच्या वाती, निरांजनासाठी तुपात भिजवलेल्या वाती. वय अडुसष्ट. माहेर लोणी काळभोरचं, लग्न होऊन शुक्रवार पेठेत आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली, पण बोलण्यातलं ‘हाय’ काही गेलं नाही. शाळा दुसरीपर्यंत. सही करता येते, त्यापुढे लिहायचा कंटाळा.

आमच्या भजनी मंडळात त्या दर गुरुवारी येतात. गुडघ्यावर कापूस वळता वळता त्यांना गाणी सुचायची. चालीसकट सुचायची. त्या म्हणायच्या आणि मी वहीत उतरवून घ्यायचे, कारण मंडळात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, असं सगळ्या म्हणायच्या. मलाही त्याचा थोडा गर्व होता.

वातीचं गाणं त्यांनी मला सांगितलं ते दोन हजार चौदा साली. त्यांचे यजमान जाऊन महिनाच झाला होता. दिवसकार्य उरकून त्या परत टोपली घेऊन बसल्या आणि पहिल्याच दिवशी हे गाणं आलं. “मालकांच्या माघारी हे एवढंच मिळालं बघा, ताई,” असं त्या म्हणाल्या होत्या. शेवटची ओळ होती, ‘यमुना म्हणे, देवा, विझेन तुझ्या दारी.’

मी पेन थांबवलं. म्हटलं, “यमुनाबाई, असं नाव घालणं संतांना शोभतं. आपण कोण? ‘दासी म्हणे’ करूया का?”

त्यांनी पुढची वात वळायला घेतली. मग म्हणाल्या, “करा. तुम्हाला जास्त कळतं.”

पुढच्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाटायला आम्ही गाण्यांची छोटी पुस्तिका छापली. छपाईचं काम बुधवार पेठेत एकाकडे दिलं होतं. त्याने विचारलं, “बाई, या गाण्याला कवीची जागा मोकळीच आहे. मोकळी ठेवायची, की कोणी सापडेपर्यंत थांबायचं?” मी त्याच्याच टेबलावर कच्च्या प्रतीवर लिहून दिलं, ‘पारंपरिक’. बाकीच्या गाण्यांना तसंच होतं, म्हणून हेही शोभून दिसेल, असं मी मनाला सांगितलं. पण देवासमोर खोटं कशाला बोलू? जिच्याकडून आपण दहा रुपयांच्या वाती घेतो, तिचं नाव छापलेलं मला बरं वाटलं नसतं. पुस्तिकेवर ‘संकलन’ म्हणून माझं नाव मात्र मी घातलं होतं.

यमुनाबाईंनी पुस्तिका हातात घेऊन नातीकडून वाचून घेतली. “असू द्या,” म्हणाल्या, “देवाला म्हाईत हाय.” याला मी होकार समजले.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांची नात ऋतुजा मोबाईल घेऊन मंडळात आली. एका कंपनीने भक्तिगीतं काढली होती आणि त्यात वातीचं गाणं होतं. चाल तीच, शब्द तेच. खाली लिहिलं होतं, ‘गीत: पारंपरिक’, आणि संगीताच्या पुढे दुसऱ्याच कुणाचं नाव. आमची पुस्तिका कुठून कुठे गेली आणि चाल कुणी कुणाला ऐकवली, देव जाणे. यमुनाबाईंनी ते डोळे मिटून पूर्ण ऐकलं. “गळा ग्वाड हाय पोरीचा,” एवढंच म्हणाल्या.

ऋतुजाला राहवलं नाही. तिने आजीला खुर्चीत बसवून तेच गाणं म्हणायला लावलं आणि ‘माझ्या आजीचं गाणं’ असं लिहून यूट्यूबवर टाकलं. चार दिवसांत यूट्यूबने व्हिडिओ काढून टाकला. चाल आपली आहे, असा कंपनीने हक्क सांगितला होता.

“म्हंजी मी माझंच गाणं चोरलं म्हणायचं,” यमुनाबाई म्हणाल्या. मंडळातल्या बायका हसल्या. त्या स्वतः हसल्या नाहीत. “ताई, मला पैसं नकोत. गाण्याखाली नाव तेवढं लावून मिळंल का बघा.”

माझी भाची शेफाली वकील आहे. मी दोघींना तिच्याकडे घेऊन गेले. शेफाली म्हणाली, “आजी, गाणं रचून कागदावर उतरलं, त्याच दिवशी हक्क तुमचा झाला. लिहिलं मावशीने, पण रचलं तुम्ही. मावशी नुसतं पेन.”

“आणि सरकारी नोंद?” मी विचारलं.

“सक्तीची नाही. असती तर पुराव्याला बरं पडलं असतं. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. आजींनी लेखी कुणाला दिलेले नाहीत, म्हणजे दोन्ही त्यांचेच. त्यांच्या माघारी साठ वर्षं घरच्यांचे. आणि समजा विकलं असतं तरी आपलं नाव मागायचा अधिकार कवीकडेच राहतो.”

यमुनाबाईंचा चेहरा उजळला. शेफालीने नोटीस पाठवली. सोबत माझं प्रतिज्ञापत्र जोडलं, की गाणं यांचं आहे आणि ‘पारंपरिक’ हा शब्द मी चुकून घातला.

महिन्याने उत्तर आलं. त्याला आमच्याच पुस्तिकेच्या पानाची झेरॉक्स जोडलेली होती. गाणं चालीसकट जुनंच आहे, तुम्हीच छापलंय पारंपरिक, आता दहा वर्षांनी कवयित्री कुठून आल्या, असा एकूण सूर.

“आता पान काय म्हणतं आणि मावशी काय म्हणते, ते कोर्टात तोलावं लागेल,” शेफाली म्हणाली. “मूळ वही आहे का?”

वही होती. त्यात माझ्या अक्षरात ‘दासी म्हणे’ होतं. यमुनाबाईंचं नाव कुठेच नव्हतं. तारीखसुद्धा मी घातली नव्हती.

“व्हिडिओ मात्र परत येईल,” शेफाली म्हणाली. “गाणं जुनं, कुणाचंच नाही असं तेच म्हणतायत, तर मग आजींना अडवायचा त्यांना हक्क नाही. तेच लिहून कळवते. नावासाठी मात्र केस करावी लागेल, आणि त्याला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही.”

यमुनाबाईंनी नको म्हटलं. “एवढी वर्षं माझ्याकडं कुठली?”

व्हिडिओ परत आला. गाणं कुणाचंच नाही, या मुद्द्यावर परत आला. कंपनीच्या गाण्याखाली अजून तेच लिहिलेलं आहे.

आता मंडळात कुणी नवं काही रचलं तर मी नाव, तारीख घालते, खाली तिची सही घेते. यमुनाबाई येतात, दुसऱ्या रांगेत बसतात, सगळ्यांबरोबर म्हणतात. मागच्या गुरुवारी वही घेऊन मी त्यांच्याजवळ गेले. विचारलं, “नवीन काही सुचलं का हो?”

“सुचतं की,” त्या म्हणाल्या. “पण आता लिवून नाही ठेवत.” आणि कुणाला तरी टाळ द्यायला उठल्या.

चूक झाली असं मी स्टँपपेपरवर लिहून दिलं, शपथेवर दिलं. ते त्यांना ऋतुजाने वाचून दाखवलं असेलच. पण मंडईत त्यांच्या टोपलीसमोर उभं राहून, माझ्या तोंडाने, ते मी अजून त्यांना म्हटलेलं नाही. वाती संपल्या की हल्ली मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते.